तीन पाळ्यांचं घर: डिसेंबर ते जूनच्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

बँकेची २०२३ची डायरी कोरीच पडली होती, ती काढली. वार जुळत नाहीत म्हणून छापलेल्या तारखा खोडून नव्या घालतेय. मुक्ता म्हणाली, "आई, याला ॲप असतं." असू दे. ॲपला पान दुमडता येत नाही.

निमित्त मिलिंदच्या कंपनीतल्या वार्षिक तपासणीचं. त्याचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा, ६.१ आलं. ५.७च्या खाली ठीक, ६.५पासून मधुमेह, आणि आमचा गडी मधल्या पट्ट्यात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझा रक्तदाब १३६/८६. गोळी नाही, पण "लक्ष ठेवा" असं डॉक्टर म्हणाले.

मिलिंदला ते पटेचना. "अहो डॉक्टर, अडुसष्ट किलो वजन आहे माझं. मी जाडा कुठे आहे?" डॉक्टरांनी ड्रॉवरमधून शिंप्यासारखी टेप काढली आणि त्याच्या बेंबीवरून फिरवली. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९०च्या आत हवं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती आपल्याच गावातली आहे हे मला माहीत नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं वरून बारीक दिसतात, चरबी आत पोटाशी धरून असतात. काट्यावर ते दिसत नाही.

येताना गाडीवर मिलिंद एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर शर्ट पँटमधून बाहेर काढला, तो दिवसभर तसाच.

तर २०२५ साल आखून काढायचं ठरलं. खाती तीन: शरीर, पैसा, वेळ.

१५ डिसेंबर, रविवार

आधी ओपनिंग बॅलन्स. मुक्ताच्या केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि चहाचा चमचा साखरेच्या डब्यात आपण रोज बुडवतो तसाच बुडवला. सपाट नाही, डोंगर करून. सहा ग्रॅम. मिलिंद घरी दोन कप पितो, कपाला दोन चमचे. चोवीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. घरच्या चहातच कोटा खलास. कंपनीतल्या मशिनचा चहा अजून धरलेलाच नाही. तिथे बटण दाबलं की साखर मिसळलेलाच चहा येतो, आणि असे तीन कप होतात. शिवाय परतताना बेकरीतून क्रीमरोल.

पैशाच्या खात्यात मी तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढून बाहेरून मागवलेल्या खाण्यावर पिवळी पेन फिरवली. सप्टेंबर ते नोव्हेंबर ४१ वेळा, एकूण १७,८६० रुपये. मुक्ताने त्यात चूक शोधायचा फार प्रयत्न केला. सापडली नाही. एकवीस वर्षं कॅश टॅली करतेय मी.

पावलंही मोजली. मिलिंदची शॉपफ्लोअरवर सात हजार होतात, माझी शाखेत तीन हजार शंभर. मुक्ताचं म्हणणं, दहा हजार व्हायलाच हवीत. मिलिंदने शोधून सांगितलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरचा नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. म्हणजे साठ वर्षं जग एका जाहिरातीमागे चालतंय. मला त्यामुळे उगीच बरं वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली बैठक. भांडणात संपली.

मिलिंदने प्लँटमधल्यासारखी एक्सेल शीट करून आणली होती. काय, कोणी, कधीपर्यंत, स्थिती. चौदा ओळी. रोज कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, डब्यात भाकरी, तेलाचं माप, फळं आणणं. सुंदर रंग वगैरे भरलेले. मी 'कोणी'चा रकाना वरून खाली वाचला. चौदापैकी अकरा ठिकाणी माझं नाव. त्याच्या वाट्याला 'चालणे', 'साखर कमी करणे' आणि 'आढावा घेणे'.

"स्वयंपाक तूच करतेस म्हणून लिहिलं," हे त्याचं उत्तर.

"साखर कोणाची वाढलीय रे? आणि तुमच्या प्लँटमध्ये एका ऑपरेटरवर अकरा ऑपरेशन्स टाकतोस का?"

मुक्ताने हेडफोन लावले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो खाली बघत म्हणाला, "नाही. लाइन बॅलन्सिंग करतो."

"मग कर की."

२९ डिसेंबर, रविवार

लाइन बॅलन्स झाली. मंडई, निवडणं, कोशिंबीर आणि कडधान्यं भिजवणं मिलिंदकडे. पोळी-भाकरी आणि डबे माझ्याकडे. बाहेरून मागवायचं असेल तर मुक्ताला विचारायचं. महिन्याला चार वेळा, त्यातली कधी वापरायची ते ती ठरवणार. तिच्या हातात कारभार दिल्यावर ती माझ्यापेक्षा कडक निघेल असं वाटतंय.

आज तो महात्मा फुले मंडईत गेला आणि मेथीच्या तीन जुड्या घेऊन आला, कारण तीन घेतल्यावर स्वस्त पडत होत्या. नियमाप्रमाणे निवडल्याही त्यानेच. पहिली जुडी पंचवीस मिनिटं. दुसरी होईपर्यंत तिसरी शेजारच्या काकूंकडे गेली होती.

नवं कॅलेंडर लावलं, मागे राशिभविष्य आणि पाककृती असलेलं. आमच्या घरात वर्ष ठरतं ते मिलिंदच्या पाळीवरून: एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट, पुन्हा फर्स्ट. चाकणची बस, म्हणजे फर्स्टला पहाटे ५.२०ला घर सोडायचं. सेकंड संपून घरी यायला रात्रीचा दीड. नाइटहून सकाळी साडेआठ. जूनपर्यंतच्या प्रत्येक सोमवारी पेन्सिलने फ, से, ना लिहिलं. मग लाल स्केचपेनने न हलणाऱ्या गोष्टी: माझा मार्च एंड, मुक्ताची परीक्षा, मे महिन्यात आईंचा मोतीबिंदू, जुलैत आरोग्य विम्याचा हप्ता. आणि एक हौसेची: २२ जून, पालखीबरोबर दिवेघाट, दोघांनी.

१ जानेवारीला काही सुरू करायचं नाही. बुधवार आहे आणि नाइट चालू आहे. सोमवार ६ पासून, फर्स्ट शिफ्टला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सहापैकी पाच संध्याकाळी दोघं मिळून पाऊण तास चाललो. शनिवारी, माझा दुसरा शनिवार असल्याने, पर्वती. १०३ पायऱ्या. चालायला जायचं म्हणून आनंदनगरहून पर्वतीपर्यंत स्कूटरवर गेलो, यात पुण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वर पोचल्यावर मिलिंद म्हणाला, "सोपं आहे गं हे." मी तेव्हाच लाकडाला हात लावायला हवा होता.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. साताऱ्याहून आई आल्यात. घेवडा, वांगं, गाजर, हरभरा, पावटा, वरून तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. शीटमधल्या चौदा ओळींपैकी निम्म्या या एका ताटात होत्या आणि हे ताट आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होतंय. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग वर्षातनं एकदाच का करता?"

सेकंड शिफ्ट सुरू.

१९ जानेवारी, रविवार

एकत्र चालणं शून्य. तो दुपारी दीडला घराबाहेर पडतो, मी साडेसहाला येते. कोणाबरोबर चालू? रात्री दीडला तो आला की झाकून ठेवलेलं पूर्ण जेवण जेवतो आणि दोनला आडवा होतो. मी मधेच उठले तर स्वयंपाकघरात दिवा, आणि हा उभ्याउभ्याच भात कालवतोय. गुळाच्या पोळ्या उरल्या होत्या, त्या सकाळी डब्यात नव्हत्या.

२६ जानेवारी, रविवार

जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ. रुग्ण बरेचसे आमच्याच रस्त्यावरचे, पुढे धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव. हातापायांतली ताकद जाते म्हणतात, आणि बऱ्याचदा सुरुवात दूषित पाण्यातून किंवा अन्नातून झालेल्या जुलाबाने होते. सोसायटीच्या ग्रुपवर पनीर खाऊ नका, भात खाऊ नका, काय काय येतंय. आम्ही एकच केलं, पिण्याचं पाणी उकळायला लागलो. मोठं पातेलं, खळखळ उकळी, मग माठात. ते मिलिंदने घेतलं. नाइटहून आला की झोपायच्या आधी पातेलं चढवतो.

मुक्ताने जानेवारीचे चारही कोटे परत केले. "सध्या काहीच नको." मी गेले चार महिने जे सांगत होते ते एका जीवाणूने एका आठवड्यात करून दाखवलं. हे यश आपल्या खात्यावर मांडायचं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार

पाच आठवड्यांचा हिशेब. फर्स्टच्या दोन आठवड्यांत एकत्र चालणं ५ आणि ४. सेकंडच्या दोनांत ० आणि १. नाइटला १. चहातली साखर मात्र कपाला दोनावरून एक चमचा, तोही सपाट, म्हणजे चार ग्रॅम. ती टिकली. कंपनीत तो आता मशिनचं नुसतं गरम पाणी घेतो आणि खिशातली चहाची पुडी बुडवतो. लाइनवरची पोरं "साहेब, सासुरवाडीला जायचंय का?" म्हणून चिडवतात.

मग साखर का टिकली आणि चालणं का नाही? यावर आज बोलायचं होतं. त्याऐवजी "तुझ्यामुळे" आणि "तुझ्या बँकेमुळे" झालं. पुढच्या रविवारी.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्लँटमध्ये मशिन बंद पडलं की हे लोक पाच वेळा 'का' विचारतात, व्हाय-व्हाय म्हणतात त्याला. आज कागदावर तेच केलं, कोणाचं नाव न घेता.

चालणं का झालं नाही? वेळ जमला नाही. का? दोघं एका वेळी घरी नव्हतो. का? पाळ्या वेगळ्या. मग एकटं का नाही गेलात? इथे दोघंही थांबलो. कारण ठरलेलं होतं 'दोघांनी मिळून'. मी साडेसहाला येऊन, बूट घालून, तो नाही म्हणून बूट काढून ठेवले होते, दोनदा. त्यानेही सकाळी अकराला तेच केलं होतं. मला एकटीला जाणं म्हणजे ठरलेलं मोडणं वाटत होतं, आणि त्यालाही. साखरेला सोबत लागत नाही. ज्याच्या त्याच्या कपात असते.

पाचवा 'का' विचारला नाही. चहा केला.

नवीन मांडणी अशी. घड्याळ सोडायचं, रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला बांधायचं. मिलिंदची बस कुठल्याही पाळीला येतेच. ती कर्वेनगरकडून राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला लागते. तर त्याने पुलाशीच उतरायचं आणि घरापर्यंत चालायचं, वीस मिनिटं. माझं: पेठेत शाखेच्या दारात जागा शोधण्यात रोज दहा मिनिटं जातात आणि तरी मिळत नाही. गाडी नदीपात्रात लावायची आणि बारा मिनिटं चालत जायचं, तसंच यायचं. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम हवा असं आरोग्य संघटना म्हणते. माझ्या सहा दिवसांचे १४४ होतात. उरलेली सहा मिनिटं मी मंडईच्या पिशव्यांत धरते.

दोन दिवस स्नायूंचाही व्यायाम हवा. तो कुकरला बांधला. कुकर चढवला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्याला हात टेकून दंड आणि खुर्चीवरून उठबस. पहिल्या दिवशी आईंनी दारातून विचारलं, "काही सांडलंय का गं तिथं?"

एकत्र फक्त दोन गोष्टी: रविवारची ही बैठक, वीस मिनिटं, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी जमली तर पर्वती. ज्याचं त्याने चालून झालं की कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलची रेघ. माझी आडवी, त्याची उभी.

२ मार्च, रविवार

सेकंडचा आठवडा. रात्री एक वाजता राजाराम पुलाशी उतरून चालायला लागल्यावर सोमवारी चार कुत्री मागे लागली. मंगळवारी सहा. बुधवारी तो दगड खिशात घेऊन गेला आणि गस्तीच्या पोलिसांनी थांबवलं. "इतक्या रात्री कुठं?" "घरी." "मग बस घरापाशी जाते ना?" "जाते." हे संभाषण पुढे कसं न्यायचं हे त्याला सुचलं नाही. एचबीए१सीचं सांगितलं. पोलीसदादांनी टॉर्च खाली केला आणि म्हणाले, "माझं सात आहे."

दुरुस्ती: सेकंडला चालणं जाताना, दुपारी. रात्री बस दारापर्यंत.

जेवणाचीही दुरुस्ती. डबा आठच्या सुटीत कँटीनमध्येच पूर्ण खायचा. घरी आल्यावर एक वाटी मुगाचं कढण, थर्मासमध्ये. झाकलेलं ताट बंद. ताट झाकून ठेवणं हे मला प्रेमाचं वाटत होतं आणि ते खाणं त्याला. दोघांनीही हे एकमेकांना पहिल्यांदाच सांगितलं. सतरा वर्षं झाली लग्नाला.

९ मार्च, रविवार

एचबीए१सी ६.०. त्याच प्रयोगशाळेत, मुद्दाम. तीन महिन्यांची खटपट आणि फरक एका दशांशाचा. इतका फरक तर नुसत्या मोजणीतही येतो.

मिलिंद शर्ट बाहेर काढून बसला. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी वेगळा हिशेब मांडला. हा आकडा म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो मागच्या दोन-तीन महिन्यांची गोळाबेरीज असतो. तुम्ही नीट कधीपासून करताय? सोळा फेब्रुवारी. मग आज डिसेंबर-जानेवारीचं व्याजही त्यात आलं, नाही का? बँकवालीला डॉक्टरने व्याज समजावावं!

शाखेत एकजण सांगत होती की एकवीस दिवस केलं की सवय लागते. मुक्ताने खरा अभ्यास काढला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा. ९६ माणसं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. मिलिंदने २५४ मोजून कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या शेवटी एक टिंब काढलं. "मी त्या शेवटच्या माणसात असणार, आधीच सांगतो."

३० मार्च, रविवार, पाडवा

माझी शेवटची आडवी रेघ १५ मार्चची आहे.

मार्च एंड. रात्री नऊ, साडेनऊ. एक दिवस सव्वादहा. चालायला त्राण नाही, सकाळी उशीर होतो म्हणून गाडी पुन्हा शाखेसमोरच्या बोळात, दोनदा नो पार्किंगची पावती. दुपारचा डबा संध्याकाळी पाचला, आणि काउंटरवर कोणीतरी आणलेले सामोसे. उद्या ईद, पण सरकारी भरण्यासाठी शाखा चालू ठेवायचा आदेश आहे, त्यामुळे जायचंय. काल रक्तदाब १४४/९०.

डिसेंबरात लाल पेनने 'मार्च एंड' मीच लिहिलं होतं. लिहून पुढे काही केलं नाही, जणू लाल रंगाने तो टळणार होता. आम्ही आखणी चांगल्या आठवड्याच्या मापाने केली, ही चूक माझी.

मिलिंद आज सकाळी नाइटहून आला, गुढी बांधली. दोन वाटल्या कडुलिंबाच्या चटणीच्या: कोवळा पाला, गूळ, जिरं, हिंग, चिंच. मग झोपायच्या ऐवजी माझ्यासमोर डायरी ठेवली आणि म्हणाला, "ब्रेकडाउन आठवड्याचा वेगळा प्लॅन असतो गं. उत्पादन नाही, फक्त मशिन गंजू नये इतकं." माझ्यासाठी तीन गोष्टी लिहिल्या: दुपारी दोनच्या आत डबा, पाण्याची बाटली दोनदा रिकामी, अकराच्या आत झोप. चालणं माफ. हे त्याने १ मार्चला सांगायला हवं होतं, असं मी म्हटलं. त्याने मान्य केलं. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरला ही चिठ्ठी लागणार.

१३ एप्रिल, रविवार

आडव्या रेघा परत सुरू. रक्तदाब १३०/८४. जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आणि हे मला फार आवडलंय.

४ मे, रविवार

आंबा. याची ओळ शीटमध्ये नव्हती. बुधवारी अक्षय्यतृतीया झाली, आमरस झाला. साताऱ्याच्या आईंनी रसाची वाटी पुढे केल्यावर "मला प्रीडायबेटिस आहे" म्हणणारा मुलगा अजून जन्मायचाय. डॉक्टरांना विचारलं. रस नको, फोड खा, अर्धा आंबा, आणि त्या दिवशी त्या ताटातली एक पोळी कमी. मिलिंदने अर्ध्या आंब्याची व्याख्या विचारली. कोय कोणाची?

पैसा: डिसेंबरपासून बाहेरच्या खाण्याचे वाचलेले दरमहा पाच हजार मी रिकरिंगला टाकत होते. आईंच्या मोतीबिंदूला ते आणि थोडे वर इतक्यात भागलं. ऑपरेशन छान झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्या आधी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाळलीस गं." वजन एक किलोनेच उतरलंय.

२५ मे, रविवार

मे संपला नाही आणि पाऊस लागलाय. नदीपात्रात गाडी लावायची सोय संपली. आता बसने जाते, दोन थांबे आधी उतरते. ओल्या चपलांनी चालताना ही सवय कुणी आणि का लावली असा प्रश्न पडतो. रेघ मारते तरीही.

८ जून, रविवार

एचबीए१सी ५.८. कंबर ९१. माझं १२६/८०.

५.७च्या वरच आहे, त्यामुळे पेढे नाहीत. मिलिंदने शर्ट खोचला.

२२ जून, रविवार

दिवेघाट. लाल पेनने लिहिलेलं, दोघांनी.

मिलिंदची नाइट. डिसेंबरात पेन्सिलने 'ना' लिहिलं तेव्हाही आम्हाला ते दिसलं होतं, पण सुट्टी मिळेल असं धरून चाललो. मिळाली नाही. साडेआठला तो घरी पोचणार आणि माउलींची पालखी तर पहाटेच भवानी पेठेतून निघते. फेब्रुवारीच्या आधी मी बूट काढून ठेवले असते. आज पहाटे शाखेतल्या दोघींबरोबर निघाले. हडपसरला पालखी गाठली. घाटात वर बघावं तर दिंड्यांच्या पताका आणि खाली बघावं तर माणसं, मध्ये रस्ता दिसतच नाही. एक आजी पायांत प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर तुळस. मला म्हणाल्या, "दमलीस का? अजून लांब आहे पंढरपूर." मी सासवडला जाऊन एसटीने परत येणार होते. सांगितलं नाही त्यांना.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मिलिंद झोपून उठला होता. आईंची काशाची वाटी आणि तूप घेऊन बसला आणि माझे तळवे घासले, काळं पडेपर्यंत. घासता घासता विचारत होता: घाटात वळणं किती, वारकऱ्यांना पाणी कुठे मिळतं, चढाला किती वेळ लागला. मग उठून कॅलेंडरपाशी गेला आणि आजच्या चौकटीत माझी आडवी रेघ मारून आला, नेहमीपेक्षा लांब, सोमवारच्या चौकटीत घुसलेली.

२९ जून, रविवार

बैठक, पंधरा मिनिटं. पुढच्या सहा महिन्यांची फ, से, ना लिहून झाली. विम्याचा हप्ता १५ जुलैला, पैसे बाजूला आहेत. मुक्ताने कोटा चारवरून पाच करायचा अर्ज दिलाय, लेखी, कारणांसह. एक मत बाजूने, एक विरोधात, आईंना साताऱ्याला फोन लावून विचारलं, त्या तटस्थ.

मिलिंदने २०२६चा मार्च लिहायला डायरीत शेवटी पान नाही म्हणून कव्हरच्या आत लिहिलं.

सेकंड उद्यापासून. थर्मासचं झाकण गळतंय, नवं आणायचं. मूग भिजत घातलेत, त्याने.